ताई, भाऊ आणि पंचवीस फुटी घर: कॅनेडियन रॉकीजमध्ये कॅम्परने फिरताना

माझा धाकटा भाऊ कराडहून पहिल्यांदा कॅल्गरीला आला तो यादी घेऊनच. विमानतळावरून घरी येताना सिग्नलला गाडी थांबली आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, बँफ, जॅस्पर, योहो, कुटनी, वॉटर्टन, व्हँकुव्हर. बारा दिवसांत होतंय ना?" सिग्नल हिरवा व्हायच्या आत मी त्यातली चार नावं खोडली. तो घरी पोचेपर्यंत गप्प होता.

कारण सांगते. हॉटेलात राहून फिरताना रोज गाव बदललं तरी बॅग उचलली की झालं. कॅम्परमध्ये, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीत, रोज बिऱ्हाड हलतं, विंचवासारखं. वीज काढा, पाण्याची नळी गुंडाळा, कपाटं लावा, बरण्या आडव्या होणार नाहीत असं बघा, टाक्या रिकाम्या करा, आणि पुढच्या मुक्कामी हेच सगळं उलट्या क्रमाने. एका हलण्यात दीड-दोन तास सहज जातात. म्हणून माझा नियम ठरलेला आहे: एका जागी शक्यतो किमान दोन रात्री, आणि मुक्काम हलवायच्या दिवशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच गाडी चालवायची. भावंड वर्षांनी आलेलं असतं. त्याला डोंगर दाखवायचे असतात तसं त्याच्याशी बोलायचंही असतं, आणि ताशी नव्वदच्या वेगाने पंचवीस फुटी गाडी हाकताना नीट बोलणं होत नाही.

आधी तारखा, मग तिकीट

इथे बहुतेक लोक उलटं करतात. भावाचं तिकीट आधी काढतात आणि मग कॅम्पग्राउंड शोधायला बसतात. जुलै-ऑगस्टच्या साइट, म्हणजे तिथे गाडी लावून राहायच्या जागा, तोवर गेलेल्या असतात.

राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेची आरक्षणं साधारण हिवाळ्यातच सुरू होतात. प्रत्येक उद्यानाचा दिवस वेगळा असतो आणि तो आधी जाहीर होतो. त्या दिवशी सकाळी ८ वाजता, माउंटन टाइमने (म्हणजे कॅल्गरीच्या वेळेने), संगणकापुढे बसायचं. खातं आधीच उघडलेलं असू द्या आणि गाडीची लांबी ठरलेली असू द्या, कारण साइट लांबीप्रमाणे मिळते. जागा हुकली तर निराश होऊ नका. लोक रद्द करत राहतात, रोज एकदा बघितलं तर एखादी रात्र हाती लागते.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्याला व्हिजिटर व्हिसा लागतो, आणि बोटांचे ठसे-फोटो द्यावे लागतात. बायोमेट्रिक एकदा दिलं की दहा वर्षं चालतं. निमंत्रणाचं पत्र तुम्ही लिहाल, पण नोकरीचा दाखला, बँकेचे कागद, परत जाण्यासारखं तिथे काय आहे हे सगळं त्याने द्यायचं. कॅम्पग्राउंड आधी आरक्षित करा म्हटलं तरी विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात पडल्यावरच.

आणखी एक, जे नात्यात बोलायला अवघड वाटतं: प्रवासी आरोग्य विमा. "कॅनडात सगळं फुकट असतं ना?" असं गावाकडे सर्रास म्हणतात. पाहुण्याला काहीही फुकट नसतं. पाय मुरगळला आणि एक्स-रे काढला तरी बिल येतं. विम्याचे पैसे मी भरले, "तुझी भाऊबीज समज" म्हणाले, म्हणजे वाद मिटला. खरं तर भाऊबीज त्याने मला घालायची असते, पण ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

महिना कुठला? जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण उंचावरच्या वाटांवर बर्फ असतो आणि काही तळी गोठलेली किंवा अर्धवट वितळलेली असतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये रंग सगळ्यात सुंदर, गर्दीही तितकीच, शिवाय वणव्याचा धूर येऊ शकतो. मी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य निवडते. डास कमी झालेले असतात आणि रात्री गारठा पडतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात लार्चची झाडं पिवळीधमक होतात, पण तेव्हा ती बघायला मोरेन लेक या तळ्याकडे सगळी कॅल्गरी लोटते.

गाडी निवडताना

इथे सगळे तिला "आरव्ही" म्हणतात. दोघा भावंडांना बाविस ते पंचवीस फुटांची, ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली गाडी पुरते. "मोठी घेऊ, आरामात राहू" हा मोह टाळा. लहान व्हॅन घेतली तर चालवायला सोपी, पण दोन प्रौढ माणसांना रोज संध्याकाळी पलंगाचं टेबल आणि टेबलाचा पलंग करावा लागतो. सख्खं भावंड असलं तरी तिसऱ्या रात्री कुरबुर होते. दोघांचे बिछाने कायमचे वेगळे असतील अशी गाडी घ्या. बाकी सोयी दुय्यम.

भाडं ठरवताना चार गोष्टी विचारा. किलोमीटर किती धरलेत आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती? कॅल्गरी-जॅस्पर-कॅल्गरी आणि आजूबाजूला फिरणं मिळून हजाराच्या पुढे सहज जातं. जनरेटरचं भाडं तासावर आहे का? भांडी आणि अंथरूण-पांघरूण भाड्यात आहे का, की वेगळं? आणि विम्यात आपल्या खिशातून किती जाणार? छताला लागलेलं आणि मागे घेताना झालेलं नुकसान बऱ्याच करारांत धरत नाहीत, ते बारीक अक्षर वाचा.

पेट्रोलचा हिशेब वेगळा करा. अशी गाडी शंभर किलोमीटरला वीस ते पंचवीस लिटर पिते. भावाने ते ऐकून रुपयांत गुणाकार केला आणि म्हणाला, "एवढ्यात आपल्याकडं ट्रॅक्टर चालतोय."

भावाला चालवायचं असेल तर कराराच्या कागदावर त्याचं नाव दुसरा चालक म्हणून असलंच पाहिजे, नाहीतर विमा लागू होत नाही. त्याने निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. तो वर्षभर चालतो. सोबत मूळ परवानाही ठेवावा. पण खरं सांगू? चाक डाव्या हाताला, वाहतूक उजव्या बाजूने, आणि मागे घर. पहिले दोन दिवस तरी त्याला देऊ नका. मी दिलं ते चौथ्या दिवशी, सकाळी सात वाजता, मोकळ्या रस्त्यावर.

देण्याआधी दोन गोष्टी मात्र पक्क्या समजावून द्या. चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेला चौक: तिथे प्रत्येकाने पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला तो आधी जायचं. आपल्याकडे असं कुणी ऐकलेलंच नसतं. आणि पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते.

गाडी ताब्यात घेण्याचा दिवस

या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. ताबा देणारा माणूस वीस मिनिटांत सगळं सांगून टाकतो आणि आपण मान डोलावतो. आम्ही काय केलं: भावाने मोबाइलवर सगळं चित्रीकरण केलं, मी प्रश्न विचारले. आतून, बाहेरून, छताची कड, काचेवरचे ओरखडे, टायर, सगळं. पुढच्या आठवड्यात "तो पाण्याचा पंप कुठून बंद करायचा?" असं झालं की तोच व्हिडिओ उघडायचा.

समोर उभं राहून करून बघायच्या गोष्टी: शेगडी पेटवा. फ्रिज प्रोपेनवर (गाडीतल्या गॅसवर) आणि विजेवर दोन्हीकडे चालतो का बघा. हीटर लावून पाच मिनिटं थांबा. गरम पाणी येतं का बघा. धुराचा आणि गॅसचा अलार्म बटण दाबून वाजवा. गाडीची उंची कागदावर लिहून चाकाजवळ चिकटवा, मीटरमध्ये आणि फुटांत दोन्ही. ती साडेतीन मीटरच्या वर असते, आणि पेट्रोल पंपाचं छप्पर किंवा ड्राइव्ह-थ्रूचा खांब समोर आला की आपण कार चालवत नाही हे आठवायला तो कागद लागतो.

मग मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन मागे घेण्याचा सराव करा. इथे भावंडांची खरी परीक्षा. गाडी मागे घेताना एकजण खाली उतरतो आणि चालकाला वाट दाखवतो. माझा भाऊ उतरला आणि एसटीच्या कंडक्टरसारखा मागून पत्रा थोपटत ओरडायला लागला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." पंचवीस फूट मागे, इंजिनच्या आवाजात, मला काही ऐकू येईना. आणि "थांब"ची थाप "येऊ दे"च्या थापेसारखीच लागत होती. एका सिमेंटच्या दुभाजकापासून आम्ही टीचभर अंतरावर थांबलो. दोष त्याचा नव्हता. आमचं काही ठरलेलंच नव्हतं. त्यानंतर ठरवलं ते असं: खाली असलेला माणूस कायम चालकाच्या डाव्या आरशात दिसेल असा उभा राहील. आरशातून तो दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबेल. हाताच्या फक्त तीन खुणा: ये, वळव, थांब. थांब म्हणजे दोन्ही मुठी डोक्यावर. आणि वर बघण्याचं काम त्याचंच, कारण फांद्या आरशात दिसत नाहीत.

पाणी, मैला, वीज, गॅस

गाडीत तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी "ग्रे", म्हणजे सिंक आणि न्हाणीचं सांडपाणी. तिसरी "ब्लॅक", संडासाची. पहिली संपते त्याआधी दुसरी भरते, हे कुणी सांगत नाही. पहिल्या संध्याकाळी भावाने ताईला मदत म्हणून भांडी घासली, घरच्यासारखा नळ सोडून. सकाळी मी अंघोळीला गेले तर पायाखालून पाणी वर यायला लागलं. ग्रे टाकी काठोकाठ. त्यानंतर बादलीत भांडी घासायची, ते पाणी कॅम्पग्राउंडच्या ठरलेल्या जागी टाकायचं, आणि अंघोळीला अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ चालू, असं. गरम पाण्याची टाकी वीस-पंचवीस लिटरचीच असते. मोठ्या कॅम्पग्राउंडवर शॉवरच्या खोल्या असतात तिथे सरळ त्या वापरा.

टाक्या रिकाम्या करण्याच्या जागेला इथे "सॅनी-डंप" म्हणतात. लोक याच कामाला सर्वांत जास्त घाबरतात, पण क्रम चुकला नाही तर दहा मिनिटांचं काम आहे:

१. रबरी हातमोजे घाला. नळी आधी गाडीला घट्ट बसवा, मग दुसरं टोक जमिनीतल्या भोकात खोल सारा आणि त्यावर वजन ठेवा.
२. आधी ब्लॅकची झडप उघडा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबा. बंद करा.
३. मग ग्रेची. साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते, म्हणूनच हा क्रम.
४. दोन्ही झडपा बंद आहेत ना, पुन्हा हाताने बघा. मगच नळी काढा, धुवा, ठेवा.
५. ब्लॅक टाकीत थोडं पाणी आणि औषधाची पुडी टाका. कोरडी टाकी वास मारते.

तिथल्या धुण्याच्या नळाने पिण्याचं पाणी कधीही भरू नका. पिण्याचा नळ वेगळा असतो आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं. हे काम कुणी करायचं ते घरीच ठरवा. आम्ही नाणं उडवलं, मी हरले.

वीज असलेली साइट मिळाली तर हीटर, दिवे, चार्जर निर्धास्त चालतात. नसेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो. रात्रभर लावला तर पहाटे चार वाजता बॅटरी बसते आणि हीटरही बंद पडतो, तेव्हा बाहेर दोन अंश असतात. झोपण्याआधी गाडी तापवून घ्या, मग हीटर पंधरा-सोळा अंशांवर ठेवा, आणि आईने दिलेली गोधडी काढा. जनरेटर कॅम्पग्राउंडवर फक्त सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांतच लावता येतो. रात्री अकरा ते सकाळी सात शांतता असते आणि ती लोक खरोखर पाळतात.

गाडी सपाट उभी करा. ओट्यावर वाटीभर पाणी ठेवून बघितलं तरी कळतं. प्रोपेनवर चालणाऱ्या बऱ्याच फ्रिजना कललेलं चालत नाही, शिवाय डोक्याकडे उतार असला की झोप लागत नाही. पेट्रोल भरण्याआधी प्रोपेन बंद, हा नियम कधीही मोडू नका.

चूल

बाराही दिवस पाव-बटर खाऊन भावंडं टिकत नाहीत. आईने थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट पाठवलं होतं, आणि कॅम्परसाठी याहून चांगला शिधा मला माहीत नाही. भाजणीत कांदा, तिखट, पाणी. थापलं, झाकण ठेवलं, एका तव्यावर जेवण. मऊ भात, मेतकूट, तूप हे थंडीतलं रात्रीचं जेवण. पिठलं दहा मिनिटांत. डाळी घरूनच शिजवून गोठवून आणा. त्या फ्रिजला गार ठेवायलाही मदत करतात. बाकी किराणा कॅल्गरीतच भरा. ईशान्य भागातल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं. बँफ गावात भाजी महाग, त्याच्या अलीकडच्या कॅनमोरला त्यामानाने ठीक.

भारतातून येणाऱ्याने खाण्याचं सगळं सामान विमानतळावर जाहीर करावं. जाहीर केलं आणि त्यांनी ठेवून घेतलं तर फक्त वस्तू जाते. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो.

आणि फोडणी. बँफच्या टनेल माउंटन कॅम्पग्राउंडवर पहिल्या सकाळी मी पोहे करायला घेतले. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिरवी मिरची पडली, आणि डोक्यावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारच्या साइटवरचे आजोबा चहाचा मग घेऊनच धावत आले. भावाने अलार्मवर ओला टॉवेल धरला होता, मी दार उघडून ताटलीने वारा घालत होते. त्यांना पोहे दिले. अलार्म काढून ठेवायची किंवा त्यावर पिशवी बांधायची युक्ती कुणी सांगेल; ती ऐकू नका, बंद गाडीत प्रोपेन जळत असताना तोच अलार्म जीव वाचवतो. फोडणी बाहेर करा. एकशेगडीची सुटी गॅस शेगडी मिळते, ती साइटवरच्या टेबलावर ठेवा, आणि फोडणी झाली की लगेच कढई आत.

अस्वलं, आणि घास ठेवायची सवय

"कढई आत" हा इथे कायदा आहे. उद्यानांतल्या कॅम्पग्राउंडवर साइट मोकळी ठेवावी लागते. खाणं, कूलर, भांडी, तेलकट तवा, कचरा, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं, वासाची कुठलीही वस्तू वापरात नसेल तर बंद गाडीत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसाच्या जवळ येतं, आणि शेवटी बहुतेकदा त्यालाच मारावं लागतं. राष्ट्रीय उद्यान कायद्याखाली दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

भावाला हे पटलं, पण हात सवयीने गेलाच. सकाळी जेवायच्या आधी त्याने भाताचा घास दगडावर ठेवला, कावळ्याला. तिथे कावळ्याआधी खारी आल्या. मी घास उचलून आत आणला तेव्हा त्याला वाईट वाटलं, ते मला दिसलं. घरी आजी रोज ठेवायची. पण खारीला खाऊ घालणंही इथे बेकायदा आहे, आणि पाहुण्याला हे आधी नीट सांगितलेलं बरं; प्रसंग घडल्यावर सांगितलं की ते ओरडल्यासारखं होतं.

अंतरं पाठ करून घ्या: अस्वल, लांडगा, कोयोटी, कूगर यांच्यापासून १०० मीटर, एल्क, हरिण, मेंढी, बकरी, मूस यांच्यापासून ३० मीटर. एल्क गाईसारखा शांत दिसतो म्हणून लोक जवळ जातात. सप्टेंबरमध्ये, त्यांच्या माजाच्या दिवसांत, तो अंगावर येतो. रस्त्यात प्राणी दिसला तर गाडी लेनमध्ये उभी करायची नाही आणि खाली उतरायचं नाही.

पायवाटेवर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, प्रत्येकाकडे एकेक, कमरेला. सॅकच्या तळाशी ठेवला तर तो नसल्यासारखाच. क्लिप काढून, दोन्ही हातांनी धरून, वाऱ्याची दिशा बघून, अस्वल चार-पाच मीटरवर आलं की मारायचा. घरी सुरक्षा क्लिप काढायची-लावायची सवय दहा वेळा करा. अस्वल दिसलं तर पळू नका, पाठ फिरवू नका, शांत आवाजात बोलत मागे सरका. आणि दिसूच नये म्हणून आवाज करत चाला. आम्ही आळीपाळीने पाढे म्हणत गेलो. भावाचा एकोणतीसचा पाढा अजूनही चुकतो.

मोरेन लेकच्या भागातल्या काही वाटांवर हंगामात किमान चौघांनी एकत्र चालण्याची सक्ती असते, ग्रिझ्ली अस्वलांमुळे. दोघं भावंडं तिथे अडकतात. वाटेच्या तोंडाशी थांबून दुसऱ्या दोघांना विचारायचं. लोक आनंदाने सोबत घेतात.

वाट, मुक्कामासह

पहिल्या दोन रात्री बँफ. कॅल्गरीपासून १३० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे काही विसरलं असेल तर परत जाता येतं. १८८५ साली इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जागा राखीव झाली, आणि तिथूनच कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांची सुरुवात झाली. गाडी टनेल माउंटनवर लावून ठेवा आणि गावात बसने फिरा. बँफच्या गल्ल्यांत आरव्ही घालणं म्हणजे तुळशीबागेत ट्रक नेण्यासारखं.

पुढच्या दोन रात्री लेक लुईस, जेमतेम साठ किलोमीटर. मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३पासून खासगी गाड्यांना बंदी आहे. पार्क्स कॅनडाच्या शटल बसची काही तिकिटं हंगामाआधी सुटतात, उरलेली प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता. आदल्या रात्रीच नेटवर्क येईल अशा जागी असा. पहाटेची फेरी घ्या. दगडांच्या ढिगाऱ्यावर चढून गेलात की दहा शिखरांच्या पायथ्याशी ते निळं पाणी दिसतं. हेच दृश्य एके काळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेच्या मागे होतं. रंग खरा आहे; हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात तरंगतं आणि उन्हाचा निळा-हिरवा भाग परत फेकतं.

मग आइसफिल्ड्स पार्कवे. लेक लुईस ते जॅस्पर २३२ किलोमीटर, महामार्ग ९३. यासाठी दोन दिवस ठेवा. निघताना टाकी पूर्ण भरा. मध्ये फक्त सस्कॅचेवन रिव्हर क्रॉसिंगला पंप आहे, तोही हंगामी आणि महाग. मोबाइलला बहुतेक वाटेवर रेंज नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि घरी कुणाला तरी मुक्काम कळवून ठेवा. वेगमर्यादा ९० आहे, पण मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये रात्र काढायला बंदी आहे, म्हणून दुपारी तीनच्या आत साइट गाठा. पार्कवेवरची काही कॅम्पग्राउंड आधी येईल त्याला अशी असतात. तिथे वीज नाही, शॉवर नाही. आमची सगळ्यात चांगली रात्र तिथलीच. वॉटरफाउल लेकच्या काठाला रात्री अकरा वाजता आम्ही आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवरच्या झोपेबद्दल बोलत बसलो होतो, आणि वर आकाशगंगा इतकी दाट होती की भावाला आधी तो ढग वाटला.

बो समिटवरून पेटो लेक बघा, मिस्ताया कॅन्यनला पाय मोकळे करा. अथाबास्का हिमनदीपाशी मात्र वेळ द्या. पार्किंगपासून हिमनदीपर्यंतच्या वाटेवर वर्षांच्या पाट्या आहेत: त्या त्या साली बर्फ इथवर होतं. गेल्या सव्वाशे वर्षांत ते दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. भावाने आपल्या जन्मसालाच्या आसपासची पाटी शोधली आणि तिथून बर्फाकडे बघत उभा राहिला. दोरीच्या पलीकडे पाऊल टाकू नका. वरून पक्क्या दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात आणि त्यांत पडून माणसं गेली आहेत. ही हिमनदी ज्या हिमक्षेत्रातून निघते त्याचं पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन बेमार्गे अटलांटिक, अशा तिन्हीकडे जातं.

जॅस्परला तीन रात्री. जुलै २०२४च्या वणव्यात गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या, आजूबाजूच्या कॅम्पग्राउंडनाही झळ बसली. कुठली साइट उघडी आहे ते ठरवण्याआधी ताजी माहिती बघा, आणि जळलेलं रान बघायची मनाची तयारी ठेवा. तरी जा. गावाला पाहुणे हवे आहेत. मलीन लेकला सकाळी लवकर निघा. जॅस्पर उद्यान २०११पासून काळोखी आकाशाचं राखीव क्षेत्र आहे, म्हणून एक रात्र दिवे बंद करून बाहेर बसा.

परतताना त्याच वाटेने पूर्ण खाली येऊ नका. सस्कॅचेवन रिव्हर क्रॉसिंगला महामार्ग ११ पकडा, पूर्वेकडे नॉर्डेगमार्गे. वाटेत अब्राहम लेक लागतं. १९७२ साली धरणामुळे झालेला हा जलाशय आहे, पण पाण्याचा रंग तसाच निळा. गर्दी जवळजवळ नाही. इथेही भावाने गाडी चालवली.

गाडी परत देताना

आदल्या रात्री शहराजवळ मुक्काम करा. टाक्या रिकाम्या, पेट्रोल करारात असेल तेवढं, फरशी झाडलेली, ओटा पुसलेला. हळदीचे डाग पांढऱ्या सिंकवर राहतात; बेकिंग सोडा लावून अर्धा तास ठेवा. पुन्हा चित्रीकरण करा, पहिल्या दिवशीच्याच क्रमाने. आमच्याकडे मागच्या दिव्याच्या तड्यासाठी पैसे मागितले गेले. भावाने पहिल्या दिवशीचा व्हिडिओ काढून दाखवला, तडा तिथे होताच, आणि विषय संपला.

उरलेला बेअर स्प्रे विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत, ना खाली दिलेल्या. तुम्ही इथेच राहता तर मुदत बघून पुढच्या वर्षी वापरा. भावाला ती बाटली कराडला नेऊन दाखवायची होती. शेवटी तिचा कमरेला अडकवायचा पट्टाच घेऊन गेला. त्यात आता तो शेतावर जाताना टॉर्च ठेवतो.